धारणीय वेग, टाळाटाळ आणि ‘स्व’ची ओळख

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायात तेरा अधारणीय वेग वर्णिले आहेत. त्याच अध्यायात लोभ, शोक, भय, क्रोध, मान, ईर्ष्या इत्यादी मनाचे वेग धारण करावेत, असेही सांगितले आहे. व्यवहारात या धारणाचा अर्थ ‘भावना दाबून टाकणे’ असा केला जातो. तो तपासून पाहणे आवश्यक आहे, असे आम्हांस वाटते.

शोक धारणीय आहे. परंतु बाष्प, म्हणजे अश्रू, मात्र अधारणीय वेगांत गणले आहेत. बाष्पनिग्रहाने प्रतिश्याय, अक्षिरोग, हृद्रोग, अरुची व भ्रम संभवतात. तात्पर्य, शोकाच्या आहारी जाणे वर्ज्य आहे, रडणे नव्हे.

जेम्स ग्रॉस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग येथे उद्बोधक ठरतो. किळस उत्पन्न करणारी चित्रफीत पाहताना एका गटाने चेहऱ्यावर काहीही दिसू द्यायचे नव्हते. दुसऱ्याने ती तटस्थ बुद्धीने पाहायची होती. पहिल्या गटाचा चेहरा शांत राहिला, परंतु किळस कमी झाली नाही. उलट अनुकंपी मज्जासंस्थेची उत्तेजना वाढली. दुसऱ्या गटात मात्र मूळ किळसच कमी झाली. ज्ञान, धैर्य, स्मृती यांद्वारे मनाचे नियमन करण्याचा आपला उपदेश या दुसऱ्या मार्गाशी जुळतो.

आता टाळाटाळीकडे वळू. एखाद्या रुग्णाच्या छातीत बसमध्ये एकदा धडधडते. पुढे तो बस टाळतो आणि त्यास तत्काळ हायसे वाटते. हे हायसे वाटणेच टाळण्याची सवय दृढ करते, असे मॉवरर यांनी १९४७ मध्ये मांडले. बस निरुपद्रवी आहे, हा अनुभव घेण्याची संधीच न मिळाल्याने भय टिकून राहते. सत्त्वावजयात मनास अहितकर विषयांपासून आवरणे अभिप्रेत आहे. केवळ अप्रिय म्हणून हितकर गोष्ट टाळणे नव्हे.

कालांतराने रुग्ण म्हणतो, “माझा स्वभावच भित्रा आहे.” येथे सवयीची ओळख बनते. एरिक एरिक्सन यांच्या मते स्वत्वाची जाणीव आयुष्यभर घडत राहते. म्हणून अशा वाक्यास प्रकृतीचा निर्णय समजून आपण मान डोलावू नये.

चिकित्सेत पुढील क्रम ठेवावा :

१. हृद्रोग, पांडू, अवटु ग्रंथीचे विकार इत्यादी शारीरिक कारणे प्रथम तपासावीत.
२. ‘हल्ली आपण काय काय टाळता?’ असे आवर्जून विचारावे.
३. भावनेस नेमके नाव देऊ द्यावे. अश्रू आल्यास थांबवू नयेत.
४. टाळलेल्या गोष्टीकडे पायरीपायरीने न्यावे : आधी थांब्यावर उभे राहणे, मग सोबतीने एक थांबा प्रवास, नंतर एकट्याने.

औषधालयाच्या चालकांनीही लक्ष ठेवावे. झोपेचे वा पोटाचे चूर्ण तोच ग्राहक महिनोन्‌महिने नेत असेल, तर त्यास वैद्यांकडे पाठवावे. जगण्याचा कंटाळा वा आत्मघाताचा विचार कोणी बोलून दाखविल्यास विलंब न लावता मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवावे. २०२२ पासून सुरू असलेल्या शासनाच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांकही द्यावा. भावना दाबण्याचा सल्ला अशा वेळी घातक ठरू शकतो.