चाकांची बाजू आणि पावलांची बाजू

लखनौहून कानपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर मानक नगर नावाचे एक स्थानक आहे. मानक म्हणजे प्रमाण, सर्वांनी मान्य केलेले माप. हे नाव त्या वस्तीस शोभणारे आहे, कारण भारतीय रेल्वेची संशोधन, अभिकल्प आणि मानक संघटना तेथेच आहे. १९३० साली स्थापन झालेले केंद्रीय मानक कार्यालय आणि १९५२ साली स्थापन झालेले रेल्वे चाचणी व संशोधन केंद्र यांचे १९५७ साली एकत्रीकरण होऊन ही संघटना अस्तित्वात आली. इंजिने, डबे, रूळ आणि पूल यांची प्रमाणे तेथे ठरविली जातात. त्यामुळेच एका प्रांतात बांधलेला डबा दुसऱ्या प्रांतातील रुळांवरून बिनतक्रार धावतो.

प्रमाणांविषयी थोडा विचार केला तर ती दोन प्रकारची असल्याचे दिसून येईल. दोन रुळांमधील अंतर भारतात १६७६ मिलिमीटर आहे. ते थोडे कमी किंवा अधिक ठेवले असते तरी आगगाडी चालली असती. मात्र जे काही ठरेल ते सर्वत्र एकच असावयास हवे. हे संकेताने ठरलेले प्रमाण होय. उलट, पुलाची तुळई किती भार पेलू शकेल हे कोणाच्या संमतीने ठरत नाही. ते निसर्गनियमाने ठरते.

रस्त्यावर कोणी कोणत्या बाजूने जावे, या प्रश्नात हे दोन्ही प्रकार एकत्र आलेले आहेत. त्यांतील भेद ध्यानात न आल्यामुळे पुष्कळांचा गोंधळ होतो. 'नेहमी डावीकडून चालावे' असे लहानपणी अनेकांच्या कानावर पडलेले असते. हे वाक्य मोटारीस लागू आहे, सायकलीसही लागू आहे. परंतु पायी चालणाऱ्यास ते जसेच्या तसे लागू करणे धोक्याचे आहे. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ साली भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे अपघातांत मरण पावली आणि त्यांपैकी ३२,८२५ पादचारी होते. तेव्हा हा प्रश्न केवळ शिष्टाचाराचा नव्हे.

डावी की उजवी?

वाहनांनी डाव्या बाजूने जावे की उजव्या, हा निव्वळ संकेत आहे. भारत, श्रीलंका आणि जपान येथे वाहने डावीकडून जातात. चीन, फ्रान्स आणि अमेरिकेत उजवीकडून. यांतील एक पद्धत शहाणपणाची आणि दुसरी वेडेपणाची असे म्हणता येत नाही. सर्वांनी एकच पद्धत पाळणे एवढेच महत्त्वाचे असते.

आपल्या शेजारच्या गोमंतकाचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. १९२८ साली पोर्तुगालने आपल्या देशात उजव्या बाजूची पद्धत सुरू केली. गोवा त्या वेळी पोर्तुगिजांच्या ताब्यात होता, तरीही तेथे डावी बाजूच कायम राहिली. सीमेपलीकडच्या मुलखातील गाड्या डावीकडून येत असताना सीमेवर बाजू बदलणे गैरसोयीचे झाले असते. १९६७ साली स्वीडनमध्ये याच विचाराने उलट पाऊल उचलले गेले. शेजारच्या नॉर्वे व फिनलंड या देशांत वाहने उजवीकडून जात असत. म्हणून ३ सप्टेंबर रोजी पहाटे पाच वाजता साऱ्या स्वीडनने एकाच क्षणी डावी बाजू सोडून उजवी धरली. संकेत बदलता येतो, पण तो सर्वांनी एकदम बदलावा लागतो, हे यावरून स्पष्ट होते.

सायकल प्रवाहाबरोबर

वाहनांची बाजू एकदा ठरली की पुढील प्रश्न संकेताचा राहत नाही. सायकलस्वाराने वाहनांच्या प्रवाहाबरोबर जावे की समोरून यावे, हे गतिशास्त्र ठरविते.

समजा, एक मोटार ताशी ४५ किलोमीटर वेगाने जात आहे आणि सायकलचा वेग ताशी १५ किलोमीटर आहे. दोघेही एकाच दिशेने जात असतील तर मोटार सायकलीच्या जवळ येण्याचा वेग, म्हणजे दोघांचा सापेक्ष वेग, ताशी ३० किलोमीटर होतो. सायकल चुकीच्या बाजूने, मोटारीच्या समोरून येत असेल तर तोच वेग ताशी ६० किलोमीटर होतो. मोटारचालकास सायकल ५० मीटरांवर दिसली असे मानू. पहिल्या प्रसंगी त्यास ६ सेकंद मिळतात. दुसऱ्या प्रसंगी अवघे ३. टक्कर झालीच तर तिची तीव्रता सापेक्ष वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाल्याने आघाताची ऊर्जा चौपट होते.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, मागून येणारा चालक आपला वेग कमी करून सायकलीइतका ठेवू शकतो आणि वाट मोकळी होईपर्यंत तिच्या मागोमाग जाऊ शकतो. तेव्हा सापेक्ष वेग शून्य होतो व धोका उरत नाही. समोरासमोर असताना चालकाने गाडी जागच्या जागी थांबविली तरी सायकल त्याच्याकडे येतच राहते.

चौकात आणि गल्लीच्या तोंडाशी आणखी एक अडचण उद्भवते. गल्लीतून बाहेर पडून डावीकडे वळणारा चालक आपल्या उजवीकडे पाहतो, कारण त्याच्या बाजूची वाहने तिकडूनच येतात. चुकीच्या बाजूने येणारी सायकल मात्र त्याच्या डावीकडून येते. तो बेसावध असतो असे नाही. तो जेथे पाहावयास हवे तेथेच पाहत असतो. शिवाय योग्य बाजूने येणारा दुसरा सायकलस्वार समोर आला की त्या दोघांपैकी एकास मोटारींच्या प्रवाहात शिरावे लागते, आणि बहुधा ती पाळी निरपराध माणसावर येते.

पादचारी प्रवाहासमोर

पदपथ असेल तर पादचाऱ्याने पदपथावरूनच चालावे. तेथे डावे-उजवे पाहण्याचे कारण नाही. परंतु आपल्या देशात पदपथ नसलेले रस्ते पुष्कळ आहेत. अशा रस्त्यावर पादचाऱ्याने उजव्या कडेने, म्हणजे येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून चालावे.

येथे वाचक विचारील की, समोरून येणे सायकलस्वारास घातक असेल तर पादचाऱ्यास ते हितकारक कसे? याचे उत्तर पुन्हा आकडेच देतात. पादचाऱ्याचा वेग ताशी सुमारे ५ किलोमीटर असतो. ताशी ४५ किलोमीटर वेगाची मोटार त्याच्या पाठीमागून आली तर सापेक्ष वेग ४० होतो, समोरून आली तर ५०. पन्नास मीटरांचे अंतर कापण्यास पहिल्या प्रसंगी साडेचार सेकंद लागतात व दुसऱ्या प्रसंगी सुमारे ३.६ सेकंद. म्हणजे समोरून चालल्याने पादचारी जेमतेम एक सेकंद गमावतो.

त्याच्या मोबदल्यात त्यास दृष्टीचा लाभ होतो. पाठीमागून येणाऱ्या मोटारीविषयी सर्व भरवसा चालकावर ठेवावा लागतो. समोरून येणाऱ्या मोटारीकडे दोघांचेही लक्ष असते. गाडी सरळ येत नाही असे दिसताच पादचारी एक पाऊल बाजूस टाकून रस्त्याखाली उतरू शकतो. सायकलस्वारास हे साधत नाही. सायकलीस आडवे पाऊल टाकता येत नाही. तिला वळण्यासाठी पुढे जावेच लागते. न दिसलेल्या साडेचार सेकंदांपेक्षा डोळ्यांनी पाहिलेले साडेतीन सेकंद अधिक मोलाचे ठरतात, ते यामुळेच.

रेल्वेच्या कामात हे शहाणपण जुने आहे. भारतात दुहेरी मार्गावर गाड्या डावीकडून धावतात, आणि अशा मार्गाच्या कडेने जाणाऱ्या कामगाराने येणाऱ्या गाडीकडे तोंड ठेवून चालावे हे इष्ट समजले जाते. गाडीने संकेत पाळावा आणि माणसाने गाडीवर नजर ठेवावी, असा हा दुहेरी बंदोबस्त आहे.

अपवाद

कोणताही नियम त्याचे कारण समजून पाळावा, म्हणजे अपवाद आपोआप कळतात. उजव्या कडेने चालताना रस्ता उजवीकडे एकदम वळत असेल, तर वळणाच्या आतील झाडे, दरड किंवा भिंत यांमुळे आपणांस मोटार दिसत नाही व चालकासही आपण दिसत नाही. पाहणे हेच ज्या नियमाचे कारण, तो तेथे निरुपयोगी होतो. म्हणून अशा वळणाच्या बऱ्याच अलीकडे रस्ता ओलांडून दुसऱ्या कडेने जावे व वळण संपल्यावर परत यावे.

सायकल हातात धरून चालणारा माणूस पायी असला तरी त्याने डावी बाजूच धरावी. त्याची रुंदी वाढलेली असते आणि सायकलीसह त्यास चटकन बाजूस होता येत नाही. १९६८ साली व्हिएन्ना येथे झालेल्या रस्ता-वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय करारात हीच शिफारस आहे. पादचाऱ्यांनी वाहनांच्या समोरच्या बाजूने चालावे. मात्र सायकल ढकलणारे, तसेच मिरवणुकीने जाणारे लोक यांनी वाहनांच्याच बाजूने जावे, असे त्यात सांगितले आहे. भारतही या करारात सामील झालेला आहे.

मिरवणुकीचा अपवाद महाराष्ट्रास विशेष जवळचा आहे. आषाढी-कार्तिकीस असंख्य दिंड्या पंढरपूरची वाट चालतात. शंभर माणसांची दिंडी ही एका माणसाप्रमाणे बाजूस उडी मारू शकत नाही. रस्त्याच्या दृष्टीने ते एक लांब, संथ वाहनच होय. म्हणून तिने डावीकडून जावे हे योग्य. परंतु मग तिला पाठीमागचे दिसत नाही, आणि दिसण्याची ही उणीव दुसऱ्या उपायाने भरून काढणे भाग असते. दिंडीच्या शेवटी तांबडा दिवा घेतलेला माणूस असावा, अंधारात प्रकाश परावर्तित करणारे पट्टे अंगावर असावेत, आणि शक्य तो दिवस मावळल्यावर हमरस्त्याने चालू नये. ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी सायंकाळी सोलापूर जिल्ह्यातील सांगोला तालुक्यात, जुनोनीजवळ, पंढरपुरास निघालेल्या दिंडीत मोटार घुसून सात वारकरी मृत्युमुखी पडले. अशा प्रसंगी चालकाची जबाबदारी तिळमात्र कमी होत नाही. तथापि शेवटच्या ओळीतील एक दिवा दुरून दिसतो व चालकास वेळ मिळवून देतो, हे विसरता कामा नये.

सारांश

चाकांनी प्रवाहाबरोबर जावे, पावलांनी प्रवाहासमोर. डावी बाजू हा संकेत आहे. तो दुसऱ्या देशात बदलेल. पण हा नियम तेथेही तसाच राहील, कारण तो वेग, वेळ आणि दृष्टी यांवर उभा आहे. लांबचा फेरा वाचविण्यासाठी जो सायकलस्वार उलट बाजूने निघतो, त्याने उतरून रस्ता ओलांडावा व पदपथावरून सायकल हाताने न्यावी. जेथे असा फेरा रोजच पडतो, तेथे दुभाजकात योग्य जागी वाट ठेवणे हे रस्ता बांधणाऱ्यांचे काम आहे.

स्वाध्याय

१. मोटारीचा वेग ताशी ६० किलोमीटर व सायकलीचा १२ किलोमीटर आहे. दोघे एका दिशेने व समोरासमोर जात असताना सापेक्ष वेग काढा. ६० मीटर अंतरासाठी प्रत्येक वेळी किती सेकंद मिळतील?

२. आपल्या शाळेजवळच्या पदपथ नसलेल्या रस्त्याचा नकाशा काढा. पादचाऱ्याने कोठे बाजू बदलावी, ते त्यावर दाखवा व कारण लिहा.

३. सुरक्षित जागी उभे राहून, शिक्षकांसमवेत, अर्ध्या तासात उलट बाजूने किती सायकली गेल्या ते मोजा. त्यांनी तसे का केले असावे, याची चर्चा करा.