मागून येणाऱ्याचा वाटा



चर्चच्या आवारात जुन्या वस्तूंची विक्री ठेवली, की टेबले मांडण्याआधीच फाटकाशी काही जण उभे असतात. त्यांत जुन्या कपड्यांचे व्यापारी असतात, कपड्यांवर भांडी देणारी बोहारीणही असते. चांगला माल आधी उचलणे हा त्यांच्या पोटाचा प्रश्न आहे. त्यांना हिडीसफिडीस करू नये. पण वेळेआधी विक्रीही सुरू करू नये. असे का?

इ. स. ५५ च्या सुमारास संत पौलाने करिंथकरांना पत्र लिहिले. तेथे प्रभुभोजनाला आलेल्यांपैकी काही जण आधीच पोटभर जेवत आणि गरीब उपाशी राहत. पौलाने त्यांना एकमेकांसाठी थांबायला सांगितले (१ करिंथ ११:१७-३४). आपल्या सोलापुरात मागून येणारे कोण? यंत्रमागावरची रात्रपाळी संपवून येणारा भाऊ, कारखान्यात विड्या देऊन येणारी बहीण. आपण जाहीर केलेली वेळ म्हणजे त्यांना दिलेला शब्द आहे.

म्हणून पाच गोष्टी पाळू या :

१) वेळ फलकावर ठळक लिहावी.
२) तोवर टेबले चादरींनी झाकून ठेवावीत.
३) लवकर आलेल्यांना क्रमांकाची चिठ्ठी, बसायला बाक आणि प्यायला पाणी द्यावे.
४) स्वयंसेवकांनी स्वतःसाठी काहीही बाजूला काढू नये. हा नियम सर्वांत कठीण, कारण मांडामांड करताना पाहणारे कोणी नसते.
५) शेवटच्या तासात उरलेला माल व्यापाऱ्यांना एकगठ्ठा कमी दरात द्यावा. त्यांचीही रोजी सुटेल.

चिंतनासाठी : रेशनच्या रांगेत, पाण्याच्या टँकरपाशी आपण कोणासाठी थांबतो?