हेडफोनमधील खर्ज व त्याची पारख

आमच्या व्यापारी कुटुंबांतील तरुण मंडळी संगीत ऐकण्यासाठी हजारो रुपयांचे, क्वचित लाखाच्या घरातीलही हेडफोन खरेदी करू लागली आहेत. दुकानात दोन हेडफोन एकामागून एक कानांस लावावयाचे आणि ‘याचा खर्ज दमदार, त्याचा फिका’ असा निकाल तत्काळ द्यावयाचा, अशी रीत पडली आहे. तराजूचा पासंग न काढता केलेले वजन पेठेत कोणी मान्य करीत नाही. तोच न्याय येथेही लावणे इष्ट होय. कारण प्रश्न केवळ पैशाचा नसून कानांचाही आहे.

मनुष्याचा कान साधारणतः २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतची कंपने ऐकतो. पियानोची सर्वांत खालची पट्टी २७.५ हर्ट्झची, तर काळी एक स्वरात गाणाऱ्या पुरुषाच्या तंबोऱ्याची खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झची असते. यावरून दोन गोष्टी वेगळ्या ओळखाव्यात. हेडफोनचा खर्ज किती खालपर्यंत पोहोचतो ही त्याची खोली. आणि जो पोहोचतो तो किती भरदार आहे हे त्याचे प्रमाण. शंभर हर्ट्झच्या आसपास फुगवटा असलेला हेडफोन प्रथमदर्शनी भारदस्त वाटतो. पण चाळिसाच्या खाली तो अगदी मुका असू शकतो.

उदाहरणादाखल दोन प्रसिद्ध हेडफोन घेऊ. जर्मनीच्या सेनहायझर कंपनीचा एचडी ६०० हा १९९७ साली बाजारात आला. त्यातील पडदा तारेच्या वेटोळ्याने हलतो व त्याची पाठ उघडी असते. शंभर हर्ट्झच्या आगेमागे त्याचा स्वर किंचित भरलेला असतो आणि सुमारे पन्नासाच्या खाली तो उतरत जातो. कॅलिफोर्नियातील ऑडीझी कंपनीच्या एलसीडी-२ मध्ये चुंबकांच्या सान्निध्यात ताणलेला पातळ, रुंद, सपाट पडदा असतो. गादी कानाभोवती नीट बसली तर त्याचा खर्ज तिसाच्याही खाली जवळजवळ सपाट राहतो. मात्र तो वजनाने बराच जड आहे. खयाल व नाट्यगीत ऐकणाऱ्यास पहिल्यात फारसे उणे भासणार नाही, कारण तंबोऱ्याची ती तार उताराच्या वरच राहते. चर्चमधील भव्य ऑर्गन किंवा आजचे विद्युत्-वाद्यांचे चित्रपटसंगीत ऐकणाऱ्यास मात्र दुसऱ्याची खोली जाणवेल.

आता तुलनेचे नियम पाहू. पहिला व मुख्य नियम असा की, दोहोंचा आवाज समान असावा. फ्लेचर व मन्सन या अमेरिकन संशोधकांनी १९३३ साली दाखवून दिले की, हळू आवाजात कानास खर्ज कमी ऐकू येतो आणि आवाज चढविताच तो झपाट्याने भरतो. म्हणून जो हेडफोन थोडासाही मोठा वाजतो, त्याचाच खर्ज उत्तम वाटतो. हाच येथील पासंग होय. बटण एकाच खुणेवर ठेवल्याने तो निघत नाही, कारण एकाच विद्युत्-शक्तीवर निरनिराळे हेडफोन कमीअधिक वाजतात.

दुसरा नियम गादीचा. चष्म्याची काडी वा दाट केस यांमुळे फट राहिली, तर खर्ज तेथून गळतो. दबलेल्या, जुन्या गादीने जुन्या हेडफोनची नव्याशी तुलना करणे अन्यायाचे आहे.

तिसरा नियम ॲम्प्लिफायरचा. एचडी ६०० चा विद्युत्-रोध ३०० ओहम सांगितला जातो. परंतु खर्जाच्या एका भागात तो बराच वाढतो. ॲम्प्लिफायरचा स्वतःचा अंतर्गत रोध अधिक असेल, तर नेमका तोच भाग फुगतो. सपाट पडद्याच्या हेडफोनचा रोध सर्वत्र जवळजवळ सारखा असल्याने त्यात हा फरक पडत नाही. सबब दोन्ही एकाच चांगल्या यंत्रावर ऐकावेत.

चौथा नियम, ध्वनिमुद्रण परिचयाचे घ्यावे. डग्ग्याची मींड स्पष्ट वर-खाली सरकताना ऐकू येते, की नुसता घुमारा उठून गायकाचा खालचा स्वर झाकला जातो, एवढे पाहिले तरी पुष्कळ उलगडा होतो.

अधिक खर्जाची आवड हा दोष मुळीच नव्हे. हर्मन कंपनीतील शॉन ऑलिव्ह व टॉड वेल्टी यांनी २०१३ पासून प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत बहुसंख्य श्रोत्यांनी थोडा वाढीव खर्जच पसंत केला. धोका आहे तो खर्जासाठी सगळाच आवाज चढविण्यात. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी ८० डेसिबल आठवड्यास ४० तास व मुलांसाठी ७५ डेसिबल तितकेच तास, अशी मर्यादा सुचविली आहे. कानातील सूक्ष्म केसपेशी एकदा नष्ट झाल्या की पुन्हा उगवत नाहीत. म्हणून खर्ज उणा वाटल्यास यंत्रातील खर्जाचे बटण थोडे वाढवावे, एकंदर आवाज नव्हे. हेडफोन बदलून मिळतो, कान मिळत नाहीत. घरातील वडीलधाऱ्यांनी खरेदीच्या वेळीच ही गोष्ट मुलांच्या ध्यानी आणून द्यावी, एवढीच आमची विनंती आहे.