अरण्यवासाची बेगमी

चि. मृणाल हिस मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझे सविस्तर पत्र पावले. फेअरबँक्सपासून चाळीस मैलांवर, चेना नदीच्या खोऱ्यात स्प्रूसच्या ओंडक्यांचे एक खोपट तू विकत घेतलेस, त्याच्या छपरावर सौरपट्ट्या बसविल्यास, लिथियमच्या बॅटऱ्या, प्रोपेनवर चालणारा फ्रिज, तेलावर चालणारा टोयो हीटर आणि आकाशातून इंटरनेट उतरविणारी तबकडी एवढा सरंजाम जमविलास, आणि येत्या हिवाळ्यापासून विद्यापीठाचे काम तेथूनच करण्याचा तुझा मनोदय आहे, हे वाचल्यापासून तुझ्या आईचा जीव टांगणीला लागला आहे. तुला या विचारापासून परावृत्त करावे असा तिचा मला हुकूम आहे. तो मी तामील करणार नाही. कारण माणसाने तरुणपणी एकांतात राहून पाहावे या मताचा मी आहे. परंतु ज्याची सारी नोकरी पोफळीच्या वीजगृहावर यंत्रांची मिजास सांभाळण्यात गेली, त्याला त्या सरंजामाची यादी वाचून जे सुचले, ते मात्र स्पष्ट लिहितो.

छपरावर तबकडी असेल तर तो अरण्यवास कसला, असे कोणी सहकारी तुला हिणवतात म्हणून तू खट्टू झालेली दिसतेस. ती खंत प्रथम टाकून दे. ज्या थोरोचे नाव या बाबतीत सर्वांच्या तोंडी असते, त्याने 1845 मध्ये वॉल्डन तळ्याकाठी बांधलेली झोपडी काँकॉर्ड गावापासून दीड मैलावर, मित्र इमर्सनच्या मालकीच्या जमिनीवर होती आणि तळ्याच्या कडेने आगगाडी धावत होती. अलास्कातच, ट्विन लेक्सच्या काठी, 1968 मध्ये रिचर्ड प्रोएनेकी या मेकॅनिकने केवळ हाताच्या हत्यारांनी लाकडी घर उभे केले आणि पुढची सुमारे तीस वर्षे तो तेथे राहिला. ते घर आज राष्ट्रीय उद्यानात जपून ठेवलेले आहे. पण त्याचे धान्य आणि टपाल विमानाने येई, आणि छपरावरच्या शेवाळाखाली त्याने प्लास्टिकचा कागद अंथरला होता. त्याच्या थोरवीला त्यामुळे उणेपणा आला नाही, कारण कोणती वस्तू बिघडली असता आपले काय होईल याचा हिशेब त्याच्याजवळ चोख होता. तुझ्या पत्रात मला आढळला नाही तो नेमका हाच हिशेब.

शहरात सोय आपली चाकरी करते, कारण तिच्यामागे लाइनमन, पाणीपुरवठ्याचा कामगार, गॅसची टाकी आणून देणारा असे एक अदृश्य खाते राबत असते. रानात ते खाते तूच, आणि रजा मंजूर करणारा वरिष्ठही कोणी नाही. म्हणून आधी विजेचा जमाखर्च मांडू. तुझ्या तबकडीला सरासरी साठ वॅट लागतात असे धरले, तर अहोरात्र ती चालू ठेवल्यास सुमारे दीड युनिट वीज खर्ची पडते. आणि बारा व्होल्टांच्या, शंभर अँपिअर-तासांच्या एका बॅटरीत मावते जेमतेम सव्वा युनिट. म्हणजे रोज एक बॅटरी या एकट्या पाहुणीलाच पुरत नाही. हा खर्च झाला. आता जमेची बाजू पाहा. जूनमध्ये तुमच्याकडे एकवीस-बावीस तास ऊन असते, त्या दिवसांत तू ही व्यवस्था पाहिलीस आणि भुललीस. परंतु 21 डिसेंबरला तेथे दिवस पावणेचार तासांचा, आणि भर माध्यान्ही सूर्य क्षितिजावर दोन अंशही चढत नाही. दक्षिणेला टेकडी असेल तर तुला तो दिसणारही नाही. तेव्हा नोव्हेंबरपासून जानेवारीअखेरपर्यंत सूर्याच्या खात्यावर शून्य मांड, एक जनित्र घेऊन त्याचे तेल त्या मानाने भरून ठेव, आणि रात्री तबकडी बंद करण्यासाठी स्वतंत्र खटका बसवून घे. पट्ट्याही छपरावर आडव्या न ठेवता दक्षिणेच्या भिंतीवर जवळजवळ उभ्या लाव. त्यांवर बर्फ साचणार नाही, आणि मार्चमध्ये बर्फावरून परतणारा प्रकाशही त्यांच्या पदरात पडेल.

बॅटऱ्या मागच्या पडवीत ठेवल्या आहेस असे लिहितेस. आजच त्या घरात आण. लिथियमच्या बॅटरीला शून्य अंशाखाली चार्ज करू गेल्यास आत धातूचा थर धरतो आणि ती कायमची नासते. बाहेर उणे चाळीस असताना तुझ्या पडवीत शून्याच्या वर काय राहणार? प्रोपेनचेही तसेच. तो वायू उणे बेचाळीस अंशांच्या सुमारास द्रव होतो, म्हणजे कडाक्याच्या रात्री बाहेरच्या टाकीत इंधन काठोकाठ असूनही चुलीला दाब मिळणार नाही. आणि तुझा तो टोयो हीटर तेल पितो खरा, पण ते पेटविण्यास आणि त्याचा पंखा फिरविण्यास वीजच लागते. म्हणजे तुझ्या साऱ्या सोयी एकाच दोरीवर टांगलेल्या आहेत. माझा तुला एकच निर्बंध आहे, बाकी सर्व सल्ला समज: घराची ऊब विजेवर अवलंबून ठेवू नकोस. ओतीव लोखंडाची, केवळ लाकडावर चालणारी शेगडी घरात बसविल्याखेरीज तेथे मुक्काम करू नकोस.

लाकडाविषयी थोडे विस्ताराने लिहितो. तुमच्याकडचा बर्च हा आपल्या भूर्जाचा भाऊबंद. ज्या सालीच्या अंगी पाणी न शिरू देण्याचा गुण असल्यामुळे आपल्या पूर्वजांनी तिच्यावर पोथ्या लिहिल्या, तीच साल ओंडक्याच्या आतला ओलावाही बाहेर पडू देत नाही. म्हणून अखंड ओंडका कितीही दिवस रचून ठेवला तरी तो सुकण्याऐवजी कुजतो. तो फोडलाच पाहिजे, आणि एक उन्हाळा तरी वारा लागेल असा, वरून झाकून व बाजूंनी उघडा रचला पाहिजे. ओले लाकूड जाळलेस तर उष्णता त्यातले पाणी आटविण्यात जाईल, आणि धुराड्यात डांबरासारखी चिकट काजळी धरेल. ती एखाद्या रात्री पेटली की ओंडक्यांच्या घराला वाचविणे कठीण, आणि अग्निशामक बंब तर चाळीस मैलांवर. तुझ्या आजोळी मृग लागण्यापूर्वी तुझी आजी आगोट भरीत असे, गोवऱ्या, लाकडे, सुके मासे, मीठ, सारे ओटीच्या माळ्यावर चढल्यावाचून ती घरात कोणास स्वस्थ बसू देत नसे. तिची ती करडी नजर तुझ्या लाकडाच्या राशीवर आहे असे समजून चाल. जनित्र मात्र घराबाहेर, खिडकीदारापासून लांब. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. त्याची घंटा देणारे यंत्र, बॅटरीवर चालणारे, निजण्याच्या खोलीत असलेच पाहिजे.

पाण्याची चिंता मी करीत नाही. त्या मुलखात नळाविना राहणारी घरे पुष्कळ आहेत आणि सुशिक्षित माणसेसुद्धा फॉक्स गावच्या झऱ्यावरून डबे भरून नेतात असे तूच पूर्वी लिहिले होतेस. पाच गॅलनांचा डबा एकोणीस किलोंचा भरतो, तेवढा व्यायाम तुला मानवेल. जागेची निवड मात्र मला पसंत नाही. वारा पडला की थंड हवा जड होऊन खोऱ्यात साचते आणि टेकडीवरचे घर तुझ्याहून दहा-दहा अंशांनी उबदार राहते. आता व्यवहार झालाच आहे, तर निदान वर्षातून एकदा घराच्या पायाची पातळी तपासून पाहा. जमिनीखालचे गोठलेले थर घराच्या उबेने वितळले की एक कोपरा खचू लागतो, आणि त्याची पहिली वर्दी दार नीट लागेनासे होण्यातून मिळते.

राहता राहिली ती तबकडी. तिच्यावर माझा राग नाही. तिच्याचमुळे तुझी आई रविवारी तुझा चेहरा पाहू शकेल. पण पडद्यावर पुणे दिसते म्हणून पुणे जवळ आलेले नसते. पाय मुरगळला, ताप चढला, तर सारे जग तुझ्याशी बोलेल आणि पाण्याचा तांब्या हाती देणारे कोणी नसेल. उणे चाळीसमध्ये तुझी मोटारसुद्धा इंजिन काही तास विजेवर तापविल्यावाचून हलणार नाही. म्हणून दोन मैलांवर राहणाऱ्या त्या वृद्ध दांपत्याशी, ज्यांचा उल्लेख तू ओझरता केला आहेस, आजपासून घरोबा कर. त्यांची लाकडे फोडून दे, आणि रोज सायंकाळी ठरावीक वेळी एकमेकांस खुशाली कळविण्याचा रिवाज पाड. निरोप चुकला तर दुसऱ्याने निघावे, असा करार असावा.

सप्टेंबरात पहिला बर्फ पडण्यापूर्वी मला पत्र पाठव. त्यात शेगडी बसली काय, धुराडे कोणी व केव्हा साफ केले, आणि फोडलेले लाकूड किती रचले, एवढे लिहून ये. उत्तर ध्रुवाकडच्या आकाशातील रंगांचे वर्णन त्यानंतरच्या पत्रात वाचीन.

तुझा,
मामा