सॉफ्टवेअर न थांबता पुढे जाते तेव्हा

सिव्हिल इंजिनिअरिंगला गेलेल्या मुलाला इमारतींचे गणित करणाऱ्या सॉफ्टवेअरपैकी स्टॅडचा क्लास लावावा की ईटॅब्सचा, असे पालक काळजीने विचारतात. त्याआधी विचारायला हवे ते हे, की सॉफ्टवेअरने दिलेला इशारा आपल्या मुलाला वाचता येईल का? एरर आली की काम थांबते. बीमचा आकारच दिला नसेल तर स्टॅड गणित करत नाही, आणि चूक तिथेच पकडली जाते. वॉर्निंगचे तसे नाही. एखादा जॉइंट अस्थिर आढळला, तर स्टॅड तिथे आपणहून एक कमकुवत स्प्रिंग जोडते, आउटपुट फाइलमध्ये तशी नोंद करते आणि गणित पुरे करते. ही अस्थिरता ट्रसच्या जॉइंटच्या फिरण्यापुरती असेल, तर बहुधा काही बिघडत नाही. ट्रसच्या मेंबरने वाकण्याचा भार घेणे अपेक्षितच नसते. पण जॉइंट सरकण्याच्या दिशेने अस्थिर असेल, तर ब्रेसिंग राहून गेले असेल किंवा सपोर्ट चुकला असेल. संदेश मात्र दोन्ही वेळा जवळपास सारखाच येतो. त्यातला फरक ओळखायला स्ट्रक्चरल अ‍ॅनालिसिस पक्के लागते.

निरुपद्रवी वॉर्निंगच इतक्या येतात की सगळ्या वाचत बसायला वेळ कुठे, असे कुणी म्हणेल. तक्रार खरी आहे. पण निरुपद्रवी कोणती, हेसुद्धा वाचल्याशिवाय ठरत नाही. शिवाय काही चुकांवर सॉफ्टवेअर बोलतच नाही. गच्चीवरच्या टाकीचा भार द्यायचा राहिला, तर ना एरर येते, ना वॉर्निंग. अशाच न बोललेल्या चुकीमुळे नॉर्वेतल्या स्लाइप्नर ए या समुद्रातल्या तेल-वायू प्लॅटफॉर्मचा काँक्रीटचा पाया 23 ऑगस्ट 1991 रोजी स्टाव्हांगरजवळ, समुद्रात नेण्याआधीच्या चाचणीत बुडाला. नॅस्ट्रान या सॉफ्टवेअरवरच्या मॉडेलमध्ये भिंती जुळतात तिथली एलिमेंटची जाळी नीट नव्हती, म्हणून शिअरचा ताण 47 टक्के कमी दिसला. सळईची रचनाही अपुरी पडली. नंतर त्याच पद्धतीने, पण काळजीपूर्वक केलेल्या विश्लेषणात भिंत 62 मीटर खोलीवर फुटेल असे निघाले. प्रत्यक्षात ती 65 मीटरला फुटली. म्हणजे पद्धत खोटी नव्हती, मॉडेल उणे होते.

नोकरीच्या जाहिरातीत सॉफ्टवेअरच मागतात, हा पालकांचा मुद्दा मला मान्य आहे. ते शिकावेच. पण कमांड थोड्या सरावाने येतात, आणि महापालिकेत जाणाऱ्या स्ट्रक्चरल ड्रॉइंगवर सही परवानाधारक इंजिनिअरचीच लागते. त्या सहीपर्यंत पोचायचे असेल, तर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासूनच मुलांनी एक सवय लावून घ्यावी. मॉडेल चालवण्याआधी इमारतीचा एकूण भार वहीत काढायचा आणि नंतर सपोर्टवरच्या रिअ‍ॅक्शनची बेरीज त्याच्याशी ताडून पाहायची. टाकी विसरली असेल तर ती इथे सापडते. साध्या बीमचा मोमेंटही आधी हाताने काढावा. आणि क्लासची फी भरण्यापूर्वी पालकांनी तिथे एवढे जरूर विचारावे: आउटपुट फाइल मुलांकडून शेवटपर्यंत वाचून घेता का?