राजवाडा ते सराफा, रमतगमत

बाहेरून आलेल्या पाहुण्यांनी लालबाग महाल पाहायला वाहन करावं, तो जरा लांब आहे. पण जुनं इंदूर पायीच पाहायचं. त्यासाठी एक अख्खा दिवस मोकळा ठेवा आणि जमलं तर भावाला किंवा बहिणीला बरोबर घ्या. साडी खांद्यावर टाकल्याबरोबर "हा रंग तुला नाही शोभत" असं तोंडावर सांगणारं माणूस बाजारात हवंच.

माझी ताई लग्न होऊन पुण्याला गेली. दिवाळीला माहेरी आली की भाऊबीजेनंतरचा एक दिवस आम्हा दोघांचा. जेवायला थांबू नका, असं आईला आदल्या रात्रीच सांगून ठेवतो.

सुरुवात राजवाड्याजवळ, पोह्यांनी. इथले पोहे उकळत्या पाण्याच्या भांड्यावर वाफेत गरम राहतात. त्यांत बडीशेप आणि किंचित साखर असते. वरून बारीक शेव, कांदा, लिंबू आणि जीरावन मसाला. सोबत जिलबी हवीच. तिखट खाणाऱ्यांनी उसळ-पोहे मागावेत. समोर होळकरांचा सात मजली राजवाडा: खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी. १९८४च्या आगीत त्याचा बराच भाग जळाला, नंतर तो पुन्हा उभारला गेला. अहिल्याबाईंचा कारभार महेश्वराहून चाले. १८१८च्या मंदसौरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इंदूर झाली आणि दरबाराच्या आश्रयाने मराठी कुटुंबं इथे वाढली. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन १९१७, १९३५ आणि २००१ साली याच शहरात भरलं. लता मंगेशकरांचा जन्मही इथलाच, १९२९ साली, शीख मोहल्ल्यात.

राजवाड्याला लागूनच खजुरी बाजार, पुस्तकांचा. शाळेत असताना वार्षिक परीक्षा संपली की आम्ही दोघं जुनी पाठ्यपुस्तकं इथे विकून पुढच्या इयत्तेची घेऊन जायचो. ताईची अक्षरं असलेली पुस्तकं मात्र मी विकू द्यायचो नाही, कारण तिने समासात गणितं सोडवलेली असायची.

आता साड्या. सीतलामाता बाजारात शिरलात की दुपारचं काही ठरवू नका. दुकानात पायताण काढून गादीवर बसायचं आणि चहा येऊ द्यायचा. दुकानदार मारवाडी असला तरी गिऱ्हाइकाचं बोलणं ऐकून मराठीवर येतो, आणि ताई मराठीत घासाघीस करायला लागली की माझं काम पिशव्या धरण्याचं. माहेश्वरी घेणार असाल तर पदर उलगडून दिवसाच्या उजेडात पाहा. खास माहेश्वरी काठ उलटसुलट दोन्ही बाजूंनी सारखाच देखणा दिसतो. चटाई, ईंट, हिरा ही काठांवरची नक्षी महेश्वरच्या किल्ल्याच्या दगडकामावरून आली आहे. हे विणकाम अहिल्याबाईंनी विणकरांना महेश्वरात वसवून वाढवलं. म्हणून मला वाटतं, इंदुरातून एकच वस्तू न्यायची तर ती माहेश्वरी असावी. रेशीम-सुताची साडी अंगावर हलकी बसते, पुण्याच्या उन्हाळ्यातही ताई ती नेसते.

बर्तन बाजारात पितळ-तांबं वजनावर मिळतं आणि जुन्या भांड्यांची मोडही घेतात. ताईने तिचं पहिलं पुरणयंत्र इथूनच नेलं. पुढे इतवारियातलं काच मंदिर: सर सेठ हुकुमचंदांनी बांधलेलं जैन मंदिर, भिंतींपासून छतापर्यंत सगळं काचेचं. आत आवाज आपोआप खाली येतो. पाय दुखले की कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी टेकायचं. खान नदीकाठच्या या दगडी छत्र्या होळकर घराण्यातल्या व्यक्तींच्या स्मरणार्थ आहेत. सासरची दुखणी, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन, जुन्या घराचं काय करायचं, हे सगळं आम्ही इथेच बोललो आहोत. घरी चारजणांत ते निघत नाही.

रात्री सराफा. दिवसा सोन्याचांदीची पेढी, आणि शटर खाली आलं की त्याच ओट्यांवर खाऊच्या गाड्या. मध्यरात्र उलटली तरी गर्दी हटत नाही. रात्री रस्ता जागता राहिला तर दुकानांचीही राखण होते, म्हणून सराफांनीच हे चालू दिलं, असं जुने लोक सांगतात. भुट्ट्याचा कीस दुधात शिजवलेला, नाजूक. तो आधी खा. थंडीत गराडू मिळतो, म्हणजे कंद दोनदा तळून त्यावर जीरावन आणि लिंबू. साबुदाण्याची खिचडी इथे उपासाची नाही, शेव घालून भरपेट खायची. शेवटी थाळीएवढा जलेबा, तो दोघांत एकच घ्या. आम्ही तर प्रत्येकच पदार्थ एका द्रोणात दोघांनी खातो, त्यामुळे आठ-दहा ठिकाणी थांबता येतं.

परतीच्या गाडीसाठी शेव आणि जीरावन दुसऱ्या दिवशी सकाळी घ्या, शेव ताजी मिळेल. जीरावन घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, नाहीतर नव्या साड्यांना त्याचा वास लागतो.