अनित्यतेच्या गाथा : अर्थ आणि बोध

आपल्याकडे अंत्यविधी आणि पुण्यानुमोदन अशा प्रसंगी अनित्यतेच्या गाथा म्हटल्या जातात. त्यामुळे अनित्यता म्हणजे मरण आणि मरण म्हणजे सारेच व्यर्थ, असा समज सर्वसाधारण उपासकाच्या मनात घर करतो. विद्यार्थीही कवितेत वार्धक्य किंवा मृत्यू आला की ‘कवी निराशावादी आहे’ असे उत्तर लिहून मोकळे होतात. हा समज तपासून पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय. त्यासाठी सुत्तपिटकाच्या खुद्दकनिकायातील ‘थेरीगाथा’ व ‘थेरगाथा’ या दोन काव्यग्रंथांचा आधार घेऊ.

वैशालीची गणिका आम्रपाली पुढे भिक्खुणी झाली. आपल्या गाथेत ती केसांपासून पायांपर्यंत एकेक अवयव घेते. तो तारुण्यात कसा होता आणि आज कसा आहे, हे सांगते. येथे रडगाणे नाही. खातेवहीत जमा आणि नावे मांडावे तसे ती दोन्ही समोर ठेवते आणि तथागतांचे वचन खरे असल्याची साक्ष देते. ज्या रूपावर तिचा लौकिक उभा होता, ते गेल्यावरही ती खचत नाही.

दुसरी गाथा अंगुलिमालाची. हत्या करणारा हा दरोडेखोर भिक्खू झाला, तरी लोकांनी त्याला दगड मारले. ते त्याने सोसले. येथे पश्चात्तापाचे दोन प्रकार ओळखले पाहिजेत. झाले ते आठवून कुढत बसणे, याला पालीत ‘कुक्कुच्च’ म्हणतात आणि त्याची गणना मनाला अडविणाऱ्या पाच नीवरणांत होते. याउलट, वाईट कृत्याची लाज व धास्ती, म्हणजे ‘हिरी’ आणि ‘ओत्तप्प’, यांना बुद्धांनी जगाचे रक्षण करणारे धर्म म्हटले आहे. पहिला माणसाला मागे बांधून ठेवतो, दुसरा पुढचे पाऊल सुधारतो.

तिसरी पटाचारा. पती, मुले व माहेर गमावल्याची तिची कथा गाथेत नसून नंतरच्या अट्ठकथेत आहे, हे अभ्यासकांनी ध्यानात ठेवावे. गाथेत तिला आठवतात ते नांगरणारे, पेरणारे आणि त्यावर कुटुंब पोसणारे लोक. ते कष्टाचे फळ मिळवितात, मग मलाच का मिळू नये, असा तिचा प्रश्न आहे. पाय धुतलेले पाणी उताराकडे वाहताना पाहून ती मन एकाग्र करते आणि रात्री दिवा मालवताना मुक्त होते. शोक तिला प्रयत्नाकडे नेतो.

बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात हेच सूत्र सांगितले आहे. वस्तू अनित्य आहेत म्हणूनच बदल व वाढ शक्य आहे. सर्व नित्य असते तर बी रुजले नसते आणि अस्पृश्यताही कधी हटली नसती. १३ ऑक्टोबर १९३५ ची येवल्याची घोषणा आणि १४ ऑक्टोबर १९५६ ची नागपूरची धम्मदीक्षा, यांत एकवीस वर्षांचा विचार आहे. आयुष्याचा निर्णय असा घेतात.

महागाव तालुक्यात हा अर्थ समजणे फार गरजेचे आहे. १९ मार्च १९८६ रोजी चिलगव्हाणच्या एका शेतकरी कुटुंबाने जीवन संपविले. त्या स्मृतीने १९ मार्चला अन्नत्याग केला जातो. कर्ज, नापिकी आणि पडलेल्या भावाने खचलेल्या माणसाला ‘सारे क्षणभंगुर आहे’ असे सांगणे म्हणजे धम्म नव्हे. दुःखाला कारण असते आणि कारण दूर करता येते, हे सांगून त्याच्या सोबतीला उभे राहणे, हा धम्म. परीक्षेत नापास झालेल्या मुलालाही हेच सांगावे. नापास होणे हीदेखील एक अवस्था आहे आणि अवस्था बदलते.

तेव्हा कोणतीही अशी कविता वाचताना तीन प्रश्न विचारावेत. बोलणारा कोण व कोणत्या अवस्थेत आहे? काय बदलले, असे तो दाखवितो? आणि त्या बदलानंतर तो काय करतो? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधल्याशिवाय अर्थ पूर्ण होत नाही. वर्षावासात विहारात ग्रंथवाचन होतेच. त्याला जोडून एकेक गाथा घेऊन विद्यार्थ्यांनी या तीन प्रश्नांवर चर्चा करावी, एवढीच विनंती.

जयभीम!